एक ओटला, सात वार

देवास आणि धार इथल्या मराठी घरांना ही विनंती आहे, आणि घाईची आहे. वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत, म्हणजे आश्विन वद्य द्वादशी ते कार्तिक शुद्ध द्वादशी, असे पंधरा दिवस एक कुत्रं तुमच्या घरी राहू द्या. पाळा असं म्हणत नाही. जीव लावा असंही म्हणत नाही. नीट लागणारं एक दार, एक जुनी चादर, पाण्याचं भांडं आणि फटाक्यांच्या रात्री घरात थांबणारं एक माणूस, एवढं हवं आहे. सोळाव्या दिवशी सकाळी आम्ही येऊन कुत्रं परत नेऊ.

आम्ही म्हणजे कुणी मोठी संस्था नव्हे. देवासात दहा-बारा जण, धारला त्याहून कमी. त्यात शाळामास्तर आहेत, एक मेडिकलवाला आहे, एक निवृत्त काका आहेत, बाकी देवासच्या आणि पीथमपूरच्या कारखान्यांतली पोरं आणि महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकणारी दोन-तीन मुलं. ए. बी. रोडवर गाडीखाली आलेलं, नाल्यात पडलेलं, गळ्यात तार रुतलेलं कुत्रं उचलायचं, इलाज करवायचा, आणि उभं राहिलं की जिथून उचललं तिथे सोडायचं किंवा त्याच्यासाठी घर शोधायचं, हे आमचं काम. जागा म्हणाल तर देवासला एकाच्या मळ्यात पत्र्याची शेड, धारला एका जुन्या वाड्याची पडवी.

वर्षभर हे कसंबसं चालतं. दिवाळीत मोडतं.

कारण साधं आहे. कारखान्यातली पोरं बाहेरगावची. कुणी रीवा-सतन्याचं, कुणी बिहारचं, कुणी खानदेशातलं. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री ती गाडीत बसतात आणि बसायलाच हवीत. वर्षातून एकदा घर दिसतं. कॉलेजचं होस्टेल रिकामं होतं. डॉक्टर चार दिवस गावी. शेडवर झाडलोट करणारा मामा झाबुआकडचा, तोही जातो. आणि नेमके याच दिवसांत भाजलेली, शेपटीला लड बांधलेली, घाबरून पळताना रस्त्यावर चिरडलेली कुत्री येतात. एरवी चार माणसांचं काम लक्ष्मीपूजनाच्या रात्री एकावर येतं, आणि त्याच्याही घरी आई पूजेची मांडणी करून वाट बघत असते.

शेड पत्र्याची आहे हे मुद्दाम सांगितलं. माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासपर्यंत. फटाक्याच्या आवाजाची कायद्याने घातलेली मर्यादा चार मीटर अंतरावर १२५ डेसिबल आहे, आणि दिवाळीच्या रात्री फटाके फक्त आठ ते दहा वाजवावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. हे दोन तास पाळले गेलेले मी तरी आमच्या गल्लीत पाहिलेले नाहीत. शिवाय आपल्या माळव्यात दिवाळी पाच दिवसांत संपते कुठे? धनतेरसला सुरू झालेले बार देवउठनी ग्यारसपर्यंत वाजत राहतात, आणि ग्यारस झाली की लगेच वरातींची आतषबाजी. गौतमपुऱ्यात तर पाडव्याला पेटती हिंगोटं एकमेकांवर फेकायचा रिवाज आहे. २०२५ च्या दिवाळीत कार्बाइड गन नावाचं नवंच खूळ आलं आणि मध्य प्रदेशात कित्येक पोरांच्या डोळ्यांना इजा झाली. माणसाच्या पोरांची ही गत, तर पत्र्याखाली साखळीला बांधलेल्या, पाय प्लास्टरमध्ये असलेल्या कुत्र्याचं काय होत असेल, ते मी एकदाच डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून दिवाळीपुरतं एक कुत्रं मी घरी आणतो.

पहिली आली ती भुऱ्या रंगाची कुत्री. देवासच्या बायपासला मिळाली होती, मागच्या पायाचं हाड मोडलेलं. अंगाचं मुटकुळं करून निजायची म्हणून मुलांनी तिला करंजी म्हणायला सुरुवात केली. शेजारच्या हिंदी मंडळींनी तिचं लगेच गुजिया केलं, आणि ती दोन्ही नावांना सारखाच प्रतिसाद देई, म्हणजे देत नसे. पहिले दोन दिवस ती आईच्या पायमशीनखाली घुसून बसली. जेवणाची ताटली तिथेच सरकवायची आणि पाठ फिरवायची. कुणी बघत असलं तर ती तोंड लावायची नाही.

लक्ष्मीपूजनाला सातच्या सुमारास पहिला सुतळी बॉम्ब फुटला. कुत्रं भुंकेल, रडेल असं वाटलं होतं. तिने आवाजच केला नाही. फक्त पायमशीनचं पायडल आपोआप हलू लागलं. टक, टक, टक. तिने हनुवटी पायडलवर टेकवली होती, आणि तिच्या थरथरण्याने वरचं चाक जरा-जरा फिरत होतं. बाहेर बार झाला की चाक वेगात, शांत झालं की हळू. आम्ही खिडक्या लावल्या, जाड रजई मशीनवरून खाली सोडली, पंखा पूर्ण वेगात ठेवला, रेडिओ लावला. मी जमिनीवर सतरंजी टाकून वर्तमानपत्र वाचत बसलो. तिला हात लावला नाही. रात्री तीनच्या पुढे गाव निजलं तेव्हा टकटक थांबली. ती बाहेर आली, अर्धं भांडं पाणी प्यायली, दहीभात खाल्ला आणि माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपली.

ती पंधरा दिवसांनी शेडवर परत गेली. महिन्याभरात तिला इंदूरला घर मिळालं. मिळालं ते आम्ही तिच्याबद्दल काही सांगू शकलो म्हणून: लहान मुलांना सोसून घेते, सायकलच्या घंटीला बुजते, झाडू दिसला की लपते, रात्री एकदा बाहेर न्यावी लागते. शेडमधल्या कुत्र्याबद्दल आम्हाला यातलं काहीच माहीत नसतं. तिथे ते फक्त भुंकतं किंवा कोपऱ्यात बसतं, आणि बघायला आलेली माणसं तेवढं पाहून परत जातात.

हा नुसता माझा अनुभव नाही. अमेरिकेतल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी पाच आश्रयस्थानांतल्या २०७ कुत्र्यांची एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या तरी घरी सोय केली आणि त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. घरी असताना ते उतरलं. परत आणल्यावर ते पूर्वीच्या पातळीवर आलं, पण पूर्वीपेक्षा वर गेलं नाही. "पंधरा दिवस सुख दाखवून परत पाठवायचं म्हणजे आणखी पाप" असं जे आपल्याकडची भली माणसं म्हणतात, त्यांना एवढंच सांगेन की कुत्र्याच्या शरीराचा हिशेब तसा नाही. थोडे दिवस विसावा मिळाला, तर तेवढ्या दिवसांचा फायदा होतो. त्याच संशोधकांच्या २०२३ च्या पाहणीत, असा तात्पुरता सांभाळ झालेल्या कुत्र्यांना कायमचं घर मिळण्याची शक्यता सुमारे १४ पट निघाली. करंजीच्या बाबतीत काय घडलं ते मला त्यानंतर नीट कळलं.

आता आपल्या लोकांबद्दल थोडं बोलतो, राग मानू नका. खाऊ घालण्यात आपण कमी नाही. पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची, हे इथल्या हिंदी घरांत आहे तसं आपल्याही घरांत मुरलंय. नवरात्रात देवासच्या माताजीच्या टेकरीखाली कुत्र्यांना इतका प्रसाद मिळतो की ती हलत नाहीत, आणि दसऱ्यानंतर तिथेच उपाशी हिंडतात. देवघरात दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, खंडोबाच्या पायाशी एक आहे, चंपाषष्ठीला त्याच्या नावाने घास काढतो. मुंबईत १८३२ साली कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली तेव्हा पारशांनी दंगल केली, आणि दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने तिथे पांजरपोळ उभी राहिली. प्राण्यांसाठी दान देण्याची, पोळी टाकण्याची, पांजरपोळ बांधण्याची परंपरा आपल्याकडे भरपूर आहे. उंबऱ्याच्या आत घेण्याची मात्र नाही. मला वाटतं अडचण तिथेच आहे, सोवळं हे बहुतेक वेळा निमित्त. ज्यांचं सोवळं खरंच कडक आहे त्यांनी स्वयंपाकघर आणि देवघर सोडून ओटला द्यावा, जिना द्यावा, कोळशाची जुनी खोली द्यावी. आमच्या कुत्र्यांनाही देवघरात काही काम नाही.

दुसरी अडचण खरी आहे: एकट्या घराला हे झेपत नाही. पाहुणे येणार, फराळ व्हायचा, भाऊबीजेला बहिणीकडे जायचं. यावर उत्तर आपल्या आजोबांच्या काळात पडून आहे. धार-देवासला शिकायला आलेली गरीब मुलं कशी राहायची? झोपायला एखाद्या देवळाची ओवरी किंवा वाड्याचा कोपरा, आणि जेवायला सात घरी सात वार. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. कुणावर भार नाही आणि मुलगा उपाशी नाही. तुमच्यापैकी कित्येकांचे पणजोबा असे वार लावून शिकले आणि संस्थानात कारकून झाले, हे तुम्हीच अभिमानाने सांगता.

तसंच करू. कुत्र्याला जागा मात्र एकच हवी. रोज घर बदललं तर ते सैरभैर होतं. ज्याच्याकडे ओटला किंवा खोली आहे त्याने जागा द्यावी. बाकी सहा-सात घरांनी वार घ्यावा: आपल्या वारी दोन वेळचं खाणं आणायचं, सकाळ-संध्याकाळ फिरवून आणायचं, घरमालक बाहेर गेला तर तेवढा वेळ जाऊन बसायचं. एका गावाची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं करून ज्या देवासने ती दोनशेहून अधिक वर्षं चालवली, त्याला एक कुत्रं सात घरांत वाटून घेणं जड जाऊ नये. धारकरांबद्दल मी बोलत नाही, ते आम्हाला नेहमीच मागे टाकतात.

एक गोष्ट कृपा करून करू नका. हे वाचून भरात येऊन गल्लीतलं धडधाकट कुत्रं उचलून घरी आणू नका. त्याची त्याची हद्द असते. पंधरा दिवस ते दिसलं नाही की दुसरं तिथे येतं, आणि परत सोडल्यावर आपलं कुत्रं फाडलं जातं. कायद्याची भूमिकाही अशीच आहे: २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झाली की कुत्रं उचललं तिथेच सोडायचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतली सगळी कुत्री डांबायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, २२ ऑगस्टला तो बदलून पुन्हा हाच नियम सांगितला. मग ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून परत तिथे सोडू नयेत असा आदेश आला. पण ती ठेवायची कुठे? २०१९ च्या पशुगणनेत मध्य प्रदेशात दहा लाखांवर मोकाट कुत्री मोजली गेली. आमच्या पत्र्याखाली एक वाढलं तरी दुसऱ्याला हलवावं लागतं. गल्लीतल्या कुत्र्यासाठी काही करायचं असेल तर लक्ष्मीपूजनाच्या रात्री जिन्याखालचं फाटक उघडं ठेवा आणि आत पोतं टाका. ते आपोआप येईल, पहाटे आपोआप जाईल.

ज्यांना घर हवंय ती वेगळी. सध्या शेडवर आहेत त्यात एक आंधळी म्हातारी कुत्री, तिला फक्त भिंतीकडेची जागा आणि भांडं रोज त्याच ठिकाणी लागतं. एक तीन पायांचा, भलताच हौशी. नसबंदीचे टाके न सुटलेल्या दोघी. धारच्या वाड्यात चार पिल्लं, आई गाडीखाली गेलेली. पिल्लांबाबत एक अट आहे: तुमच्या घरात गेल्या वर्षभरात पार्व्होने पिल्लू गेलं असेल तर पिल्लं मागू नका, तो विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतो. मोठं, लस झालेलं कुत्रं न्या. आम्ही देऊ त्या मोठ्या कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली असेल, कागद सोबत देऊ. घरात आधीचं कुत्रं असेल तर आधी बाहेर, रस्त्यावर, दोघांची गाठ घालून देऊ आणि जमलं नाही तर तिथूनच परत. भाड्याच्या घरात असाल तर आधी घरमालकाला विचारा. नंतर उगीच वाद होतात आणि त्यात कुत्र्याचे हाल होतात.

"भिया, काटेगा तो नहीं?" हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं. चावणारं कुत्रं आम्ही कुणाच्या घरी देत नाही. पण घाबरलेलं कुणीही चावू शकतं, म्हणून पहिले तीन दिवस त्याला हुडकून बाहेर काढू नका, लहान मुलांना मिठ्या मारू देऊ नका, जेवताना ताटलीत हात घालू नका. दात लागलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. तिथे ती मिळते. हळद-तिखट भरू नका. हे मी सुशिक्षित घरांतही पाहिलंय.

बाकी खाण्याचं. फराळाचं ताट उंचावर. चिवड्यातले बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, चॉकलेटही विषारी, कांदा-लसूण घातलेलं काही नको. दूध-पोळीने बऱ्याच मोठ्या कुत्र्यांचं पोट बिघडतं. दहीभात, उकडलेलं अंडं, कणी आणि खिमा चालतो. आणि पणत्या! त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पणतीतलं तेल-तूप कुत्री चाटून पुसून घेतात, वात गिळतात आणि दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात. पणत्या ओट्यावर न ठेवता कठड्यावर ठेवा. फिरवायला दुपारी चार-पाचला न्या, दिवेलागणीनंतर दार उघडायचंच नाही. पाहुणे आत येताना कुत्रं पट्ट्याने बांधलेलं असू दे. दिवाळीत हरवलेली जवळपास सगळी कुत्री दार उघडं राहिल्याने निसटलेली असतात. काही कमी-जास्त झालं तर आम्हाला हाक मारा, रात्री दोनलाही. आमचं कुणी नाही पोचलं तर १९६२ हा सरकारी पशुवैद्यकीय क्रमांक आहेच.

औषधं, पट्टा, पहिल्या आठवड्याचं खाणं आम्ही देऊ. पैसे मागत नाही. या वेळी खरंच पैसे नकोत. नेपाळात नरकचतुर्दशीला, ज्या दिवशी आपण अभ्यंगस्नान करतो, त्याच दिवशी कुकुर तिहार असतो. कुत्र्यांना हार घालतात, टिळा लावतात, गोडधोड देतात. तेवढंही नको. दार लावून घ्या आणि रेडिओ लावा.

हा कागद ज्याने तुमच्या हातात दिला त्यालाच नाव सांगा: जागा देणार की वार घेणार, आणि वार असेल तर कुठला. शनिवार आणि भाऊबीज या दोन दिवसांना कुणी नसतं, त्यासाठी आधी विचार करा. धनत्रयोदशीच्या दुपारी सांगितलंत तर आम्हाला कुत्रं आणून पोचवायला माणूस नसेल. वसुबारसेच्या आधी सांगा.